शेवटच्या बाकापर्यंत काय पोचते?

दहीहंडीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत, आणि पुन्हा दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर आल्या की, महाराष्ट्रात एक वाद ठरल्या वेळी पेटतो. एक बाजू म्हणते, स्पीकरच्या भिंतींमुळे मुलांचा अभ्यास होत नाही. दुसरी विचारते, आमच्याच सणांचा आवाज तुम्हाला बरा ऐकू येतो, बाकीच्यांचे भोंगे कानावर पडत नाहीत का? मग एकीकडून डेसिबलचे आकडे निघतात, दुसरीकडून परंपरेचे दाखले. तेवढ्यात कुणीतरी ज्येष्ठ नागरिक सांगतात, ‘आम्ही चाळीत, दहा माणसांच्या खोलीत, शेजारचा रेडिओ चालू असताना शिकलो. आमचं काय बिघडलं?’ या एका वाक्यावर मात्र दोन्हीकडच्या माना डोलतात. विसर्जन होते, निकाल लागतात, वाद पुढच्या वर्षापर्यंत थंड होतो.

गोंगाटाचा शिकण्यावर आणि स्मरणावर परिणाम होतो का, या प्रश्नाचे उत्तर ‘होतो’ असेच आहे, आणि गेल्या पन्नास वर्षांत ते पुरेसे पक्के झाले आहे. पण तो परिणाम मिरवणुकीच्या दहा दिवसांतून येत नाही. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० आणि सहावी ते आठवीला २२० कामाचे दिवस ठरवून दिले आहेत. त्या साध्या, बिनसणाच्या दिवसांत वर्गाबाहेरून ट्रक जात असतात, शेजारच्या वर्गातले पाढे पार्टिशनवरून आत येत असतात, डोक्यावर पंखा खडखडत असतो आणि बाईंचे बोलणे शेवटच्या बाकापर्यंत अर्धेमुर्धे पोचत असते. त्याबद्दल कुणी पोलिसांत जात नाही, कुठली वाहिनी चर्चा लावत नाही. आपण भांडतो आहोत ते भलत्याच आवाजावरून. आणि ‘सवय होते’ या ज्या म्हणण्यावर सगळ्यांचे एकमत आहे, तेच या वादातले सर्वांत चुकीचे म्हणणे आहे.

आधी उत्सववाल्यांचे जे माप आहे ते त्यांच्या पदरात टाकू. मुलांच्या वाचनावर आणि स्मरणावर परिणाम दाखवणारे ठोस अभ्यास आहेत ते रोजच्या, वर्षानुवर्षे चालणाऱ्या आवाजाचे: विमानतळ, रेल्वे, महामार्ग. दहा दिवस ढोल ऐकून चौथीतले मूल वाचनात मागे पडते असे त्यांतून निघत नाही. मिरवणुकीच्या आवाजाला विरोध करायला दुसरी भक्कम कारणे आहेत: कानाचे पडदे, हृदयविकाराचे रुग्ण, तान्ही बाळे, रात्रीची झोप. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २००५ चा निकाल याच अंगाने आला आहे. दिवसा शिकलेले रात्रीच्या झोपेत पक्के होते, म्हणून वर्षातले काही दिवस मध्यरात्रीपर्यंत मिळणारी सवलत मुलांनाही थोडी बाधते, हेही खरे. पण विरोधकांनी मुलांच्या खांद्यावरून बंदूक चालवू नये. चालवली की समोरचा माणूस ‘दहा दिवसांनी काय होतं?’ असे विचारतो, आणि त्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर ‘वाचनाचे म्हणाल तर फारसे काही नाही’ हेच आहे.

उत्सवाच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगता येईल, पण ती दुधारी आहे. १९७० च्या आसपास डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी काही प्रयोग केले. लोकांना गणितासारखी कामे दिली आणि मधूनमधून मोठे आवाज ऐकवले. आवाज चालू असताना कामात फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो आवाज थांबल्यावर: मुद्रितशोधनात जास्त चुका राहू लागल्या, अवघड कोडी लोक लवकर सोडून देऊ लागले. याच प्रयोगाच्या दुसऱ्या रूपात लोकांच्या हाताशी एक बटण दिले. नकोसे झाले तर दाबा, आवाज बंद होईल, शक्यतो मात्र दाबू नका, असे सांगितले. बटण जवळजवळ कुणी दाबले नाही, तरी नंतरचा थकवा कितीतरी कमी झाला. पथकात ताशा वाजवणारा तरुण आणि त्याच इमारतीतली, उद्या पेपर असलेली त्याची बहीण एकच डेसिबल ऐकतात, पण बटण त्याच्या हातात आहे आणि तिच्या नाही. म्हणून मीटर घेऊन केलेले भांडण कधी मिटत नाही. आणि वर्गात बसलेल्या पोराच्या हातात कुठले बटण आहे? त्याला उठून खिडकी लावायची असेल तरी बाईंना विचारावे लागते.

आता मुख्य पुराव्याकडे येऊ. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये पी. एस. ९८ नावाची सरकारी शाळा आहे. तिच्या एका बाजूने उन्नत रेल्वेमार्ग जातो. १९७० च्या दशकात शाळेच्या वेळात दर साडेचार मिनिटांना गाडी जाई. गाडी आली की शिक्षक बोलायचे थांबत, किंवा ओरडून बोलत. लेहमन कॉलेजात मानसशास्त्र शिकवणाऱ्या आर्लीन ब्रॉन्झाफ्ट यांच्या वर्गात याच शाळेतल्या एका मुलाची आई शिकत होती. तिच्याकडून त्यांना हे कळले. ब्रॉन्झाफ्ट यांनी डेनिस मॅकार्थी यांच्यासह मुलांच्या वाचनचाचण्यांचे जुने गुण काढले आणि रुळांकडच्या वर्गांची तुलना त्याच इमारतीच्या शांत बाजूच्या वर्गांशी केली. रुळांकडची मुले काही महिन्यांनी मागे होती. वरच्या इयत्तेत हे अंतर जवळजवळ एका वर्षाचे होते. हा निष्कर्ष १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे रेल्वेने रुळांखाली रबराच्या पट्ट्या बसवल्या, शिक्षण मंडळाने वर्गांना आवाज शोषणारी छते केली. ब्रॉन्झाफ्ट यांनी पुन्हा गुण पाहिले. १९८१ च्या त्यांच्या निबंधात दोन्ही बाजूंमधला फरक उरलेला नव्हता.

मी हा दाखला लांबवून सांगितला, कारण या विषयातल्या सर्वांत तगड्या आक्षेपाला तो उत्तर देतो. आक्षेप असा: गोंगाटाच्या वस्त्या गरिबांच्याच असतात. तिथली मुले मागे पडतात ती घरच्या परिस्थितीने, अर्धपोटी राहण्याने, शिक्षक नसल्याने. तुम्ही त्याचे खापर ट्रकवर फोडता. आक्षेप चोख आहे आणि अनेक कच्च्या अभ्यासांना तो लागूही पडतो. पण पी. एस. ९८ मध्ये दोन्हीकडची मुले त्याच गल्ल्यांतली होती, पुस्तके तीच, मुख्याध्यापक तेच. बदलत होती ती फक्त खिडकीची दिशा.

तरीही शंका उरत असेल तर म्युनिक पाहावे. तिथला जुना रीम विमानतळ मे १९९२ मध्ये बंद झाला आणि शहरापासून दूर नवा विमानतळ सुरू झाला. स्टाफान हिग्गे, गॅरी इव्हान्स आणि मोनिका बुलिंगर या संशोधकांनी दोन्ही ठिकाणच्या मुलांची चाचणी आधी घेऊन ठेवली होती आणि नंतरची दोन वर्षे ती पुन्हा घेतली. जुन्या विमानतळाजवळची मुले सुरुवातीला वाचनात आणि दीर्घकाळच्या स्मरणात कमी होती. विमाने थांबल्यावर ती सुधारली. नव्या विमानतळाजवळची मुले आधी बरी होती. विमाने सुरू झाल्यावर ती त्याच दोन गोष्टींत घसरली. गरिबी एका महिन्यात एका गावातून उठून दुसऱ्या गावात जात नाही. विमाने गेली. आपल्याकडे २०२५ मध्ये नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. उलवे-पनवेल पट्ट्यातल्या शाळांत वाचनाची साधी चाचणी घेऊन ठेवायला आणि ती दरवर्षी पुन्हा घ्यायला असा किती खर्च येतो? धावपट्टीच्या एका दिव्याइतकाही येणार नाही.

हे घडते कसे, ते समजून घ्यायला वर्गातच जावे लागते. बाई फळ्यापाशी उभ्या आहेत. त्यांचा आवाज एक मीटरवर ६५ डेसिबल धरू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो: दोन मीटरवर ५९, चारवर ५३, आठवर ४७. खोलीच्या भिंतींवरून परतणारा आवाज थोडी भर घालतो खरा, पण फरशी, सिमेंट आणि पत्रा असलेल्या आपल्या खोल्यांत तोच घुमून मागच्या अक्षराला पुढच्या अक्षरावर चढवतो. मुलांना बोलणे नीट कळायचे तर ते मागच्या आवाजापेक्षा १५ डेसिबलने तरी वर असावे, असा शाळांच्या बांधकामातला मान्य दंडक आहे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये तास चालू असताना वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलच्या आत असावा असे सुचवले. आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे शाळेभोवतीच्या शांतता क्षेत्राची दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे, तीही बाहेरची. आपल्या हवेत खिडक्या उघड्याच असतात, त्यामुळे त्यातला बराचसा आवाज आत येतो. जुना पंखा त्यात आपली भर घालतो. नियम तंतोतंत पाळला तरी मागच्या बाकांना हवा तो दंडक गाठता येत नाही, आणि नियम किती पाळला जातो ते आपण जाणतोच.

रस्त्याकडेच्या शाळेत शुद्धलेखनाचा तास पाहिला की हे आकडे डोळ्यांना दिसतात. बाई वाक्य सांगतात, पाटी-वह्यांवर माना झुकतात, वाक्याच्या मध्यावर एसटी गिअर बदलत चढ चढते. स्वर मोठे असतात, ते गाडीवरूनही ऐकू येतात. बुडतात ती व्यंजने. ‘ताट’ की ‘थाट’, ‘पळ’ की ‘फळ’, ‘सार’ की ‘चार’ हे ठरवणारी हवेची बारीक झुळूक शेवटच्या रांगेपर्यंत जातच नाही. पुढची पोरे लिहितात, मागची एकमेकांच्या वहीत डोकावतात. एखादी धीट मुलगी ‘बाई, पुन्हा सांगा’ म्हणते. दुसऱ्यांदा म्हणते. तिसऱ्यांदा म्हणत नाही. मग लाल पेनाच्या खुणा होतात आणि शेरा पडतो: शुद्धलेखन कच्चे. ऐकूच आले नव्हते, असा शेरा कुठल्या प्रगतिपुस्तकात असतो?

इथे मोठी माणसे एक चूक करतात. स्वतःला ऐकू आले म्हणजे मुलालाही आले, असे ती धरून चालतात. रेल्वे फलाटावरची फाटकी घोषणा आपल्याला समजते, कारण निम्मे शब्द आपण आपल्या पदरचे घालतो. गाडी कुठली, कुठे जाणार, हे आधीच ठाऊक असते. मूल जो शब्द आज पहिल्यांदा ऐकणार आहे त्यातली गाळलेली जागा ते कशाने भरणार? गोंगाटातून बोलणे वेगळे काढण्याची क्षमता किशोरवयापर्यंत वाढत राहते. आणि शाळेची भाषा घरची नसेल तर ही अडचण दुप्पट होते, कारण परक्या भाषेतले बोलणे गोंगाटात आधी हरवते. मेळघाटातला कोरकू बोलणारा, गडचिरोलीतला गोंडी किंवा माडिया बोलणारा, नंदुरबारकडचा पावरी बोलणारा मुलगा मराठी शाळेत, आणि घरी मराठी बोलणारी मुलगी इंग्रजी शाळेत, यांना शेजारच्या मुलापेक्षा जास्त शांतता लागते. पावसाळ्यात कान फुटलेले पोर त्यांच्यातच बसलेले असते. ज्याच्याकडे आधीच कमी आहे त्याच्याकडूनच हा आवाज जास्त काढून घेतो.

डेसिबलच्या मोजमापाने न सुटणारा दुसरा प्रकार स्मरणाचा आहे. १९७६ मध्ये हर्बर्ट कोल आणि ॲलन वेल्श यांनी विद्यार्थ्यांना अक्षरे ओळीने लक्षात ठेवायला सांगितली आणि मागे जर्मन भाषेतला उतारा चालू ठेवला. विद्यार्थ्यांना जर्मन येत नव्हते, त्याकडे दुर्लक्ष करा असेही सांगितले होते, तरी क्रम चुकू लागले. पुढच्या प्रयोगांत दिसले की हा उतारा हळू लावा की जरा मोठ्याने, फरक फारसा पडत नाही. एकसुरी घरघर या बाबतीत बरीच निरुपद्रवी. सतत बदलत जाणारे, अक्षरे तुटत जाणारे बोलणे घातक. आपल्या शाळांत याचे घरचे उदाहरण आहे. दोन वर्गांमध्ये छातीपर्यंतचे किंवा वर उघडे असलेले पार्टिशन, पलीकडे दुसरीचे ‘सात एके सात’ आणि अलीकडे चौथी इतिहासातला घटनाक्रम पाठ करते आहे. आवाज काही मोठा नाही. गोडही आहे. पण ज्या कप्प्यात मुलीला क्रम धरून ठेवायचा आहे त्याच कप्प्यात पलीकडचे आकडे येऊन बसतात. द्विशिक्षकी शाळेत तर दोन इयत्ता एकाच खोलीत असतात, पार्टिशनही नसते.

यावर कुणी म्हणेल, वेदपाठशाळेत शेकडो वर्षे मोठ्याने संथा म्हणतच मुले शिकली, पाढेही आपण कोरसमध्येच शिकलो. अगदी बरोबर, आणि मोठ्याने म्हटलेले मनात वाचलेल्यापेक्षा चांगले लक्षात राहते हे आता प्रयोगांनीही दाखवले आहे. पण पाठशाळेत सगळे एकच ऋचा एकाच वेळी म्हणत असतात. तिथला आवाज हाच धडा आहे. एका कोपऱ्यात एक सूक्त आणि दुसऱ्या कोपऱ्यात दुसरे चालू असेल तर गुरुजी एका गटाला ओसरीवर पाठवतील.

ही ओसरीची अक्कल युरोपने मोठी किंमत मोजून शिकली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर यांची पद्धत गाजली: एका प्रचंड दालनात शेकडो मुले, एक मास्तर, आणि मुलांमधूनच नेमलेले मॉनिटर आपापल्या गटाला एकाच वेळी शिकवत. स्वस्त होते, म्हणून जगभर पसरले, आणि काही दशकांत वेगळ्या वर्गखोल्यांपुढे मागे पडले. त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी, १९६०-७० च्या दशकांत, ब्रिटन-अमेरिकेत मुक्त शिक्षणाच्या उत्साहात पुन्हा भिंती पाडून मोकळ्या शाळा बांधल्या गेल्या. आणि पुन्हा त्यांत भिंती, कपाटे, पार्टिशने उभी राहिली. एक मोठे कारण शेजारच्या वर्गाचा आवाज. आपल्याकडे नव्या इमारतींच्या आराखड्यांत हल्ली ‘खुल्या जागा’ पुन्हा फॅशनमध्ये येताना दिसतात. येऊ द्यात, पण त्या मैदानाच्या बाजूला असू द्यात.

आता चाळीतल्या आजोबांकडे. त्यांच्या म्हणण्याला मान आहे; परिस्थितीशी झगडून शिकलेल्या माणसाला असे बोलण्याचा हक्क असतो. पण चाळीतून शिकून जगभर गेलेल्या सर्वांत मोठ्या विद्यार्थ्याने काय केले ते आठवावे. भीमराव आंबेडकर परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत होते. तीच खोली स्वयंपाकघर, तीच झोपायची जागा, तीच अभ्यासाची. रामजी सुभेदारांनी यावर तोड काढली ती अशी: मुलाने लवकर झोपायचे, वडिलांनी रात्री दोनपर्यंत जागायचे, मग त्याला उठवून आपण झोपायचे. पहाटेच्या शांततेत भीमराव वाचत. संध्याकाळी ते चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसत. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची आणि त्यांची ओळख तिथलीच. म्हणजे त्या बापलेकांना गोंगाटाची सवय झाली नव्हती. त्यांनी गोंगाट चुकवला, आणि त्याची किंमत एका निवृत्त माणसाच्या झोपेतून मोजली. हे उदाहरण ‘गोंगाटातही शिकता येते’ यासाठी वापरणारे लोक अर्धीच गोष्ट सांगतात. शिवाय ज्यांना तसे बाप किंवा तशी बाग मिळाली नाही, ती मुले सत्काराच्या भाषणात आठवणी सांगायला येत नाहीत.

आणि शांततेची किंमत कळत नाही असेही नाही. पुण्याच्या पेठांतून फिरा. जुन्या वाड्यांच्या आणि इमारतींच्या मजल्यांवर अभ्यासिका आहेत. एक टेबल, एक खुर्ची, एक प्लग पॉइंट, भिंतीवर ‘मोबाईल सायलेंटवर ठेवावा’ अशी पाटी, आणि त्यासाठी गावाकडून आलेली स्पर्धा परीक्षेची मुले महिन्याचे पैसे भरतात. कित्येकदा मेसच्या डब्यात काटकसर करून भरतात. पंचविशीतल्या उमेदवाराला जी गोष्ट विकत घ्यावीशी वाटते, ती आठ वर्षांच्या मुलाला नसली तरी चालते, हे कोणत्या तर्काने?

तरुण वाचक इथे कॅफेचा मुद्दा काढतील, आणि काढावाच. रवी मेहता आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले की साधारण ७० डेसिबलच्या गजबजाटात लोकांना ५० डेसिबलच्या शांततेपेक्षा जास्त नव्या कल्पना सुचल्या. ८५ वर मात्र गाडी घसरली. २००७ मध्ये स्वीडनमधल्या एका अभ्यासात लक्ष न टिकणाऱ्या मुलांना एकसारख्या सळसळत्या आवाजाने मदत झाली. हे मला मान्य आहे. पण कॅफेतली चाचणी मोठ्या माणसांच्या कल्पकतेची होती. त्यांना कुणाचे बोलणे ऐकून नवे शब्द शिकायचे नव्हते, आणि नकोसे झाले तर उठून जाता येत होते. आवडती गाणी लावून अभ्यास करणाऱ्यांचेही असेच: गणिताचा सराव, आकृत्या काढणे चालून जाते, शब्दांची गाणी लावून शब्दच पाठ करायचे असतील तर गाणे आवडीचे असो की नावडीचे, क्रम सारखाच बिघडतो. ज्याला जे काम जमते त्याने ते खुशाल करावे. माझा मुद्दा ज्यांना निवड नाही त्यांचा आहे.

याहून अडचणीचा पुरावा दुसरा आहे. लंडनचा हीथ्रो, ॲमस्टरडॅमचा स्किफोल आणि माद्रिदचा बाराहास या तीन विमानतळांभोवतीच्या ८९ शाळांतल्या २,८४४ मुलांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. विमानांचा आवाज वाढत गेला तसे वाचन खालावत गेले: ब्रिटनमध्ये दर ५ डेसिबलला सुमारे दोन महिने. पण रस्त्याच्या आवाजाचा वाचनावर परिणाम दिसला नाही, उलट एका प्रकारच्या स्मरणात रस्त्याकडची मुले किंचित बरी निघाली. मग माझ्या एसटीचे काय? उत्तराचा एक भाग बार्सिलोनातून येतो. तिथल्या ३८ शाळांतल्या ७ ते १० वर्षांच्या २,६८० मुलांवर वर्षभर लक्ष ठेवले. २०२२ मध्ये आलेल्या या अभ्यासात शाळेतल्या वाहतुकीच्या आवाजाबरोबर तात्पुरते स्मरण आणि लक्ष यांची वाढ मंदावलेली दिसली. वर्गातल्या आवाजाचे चढउतार जितके जास्त, तितका परिणाम ठळक. घरच्या आवाजाचा मात्र असा संबंध दिसला नाही. एकसारखी वाहणारी वाहतूक एक वेळ परवडते. चढउताराची, हॉर्नची, गिअरची परवडत नाही. आपल्या रस्त्यांवर यांपैकी कोणती आहे ते सांगायला संशोधक नको. आणि घरापेक्षा शाळेचा आवाज महत्त्वाचा निघाला, ही गोष्ट ‘घरी खिडक्या लावून अभ्यास करा’ असा सल्ला देणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी.

राहिली सवय. मॅनहॅटनमध्येच एका महामार्गाच्या डोक्यावर उभ्या असलेल्या उंच इमारतींतल्या मुलांचा अभ्यास शेल्डन कोहेन, ग्लास आणि सिंगर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. खालच्या मजल्यांवरच्या मुलांना एकमेकांसारखे वाटणारे शब्द वेगळे ओळखणे जड जात होते आणि त्यांचे वाचनही कमी होते. हा संबंध ठळक होता तो जी मुले तिथे चार वर्षांहून अधिक काळ राहत होती त्यांच्यात. सवय उपयोगी असती तर जुन्या मुलांचे गुण सुधारायला हवे होते. मूल गोंगाटाची सवय करून घेते ते कान देणे सोडून. आणि ट्रककडे कान न देण्याची सवय बाईंपुरती वेगळी ठेवता येत नाही. वर्गात ‘लक्ष कुठंय तुझं?’ असा प्रश्न ज्या मुलाला रोज विचारला जातो, त्याने कदाचित परिस्थितीशी अगदी उत्तम जुळवून घेतलेले असते.

उजेडाच्या बाबतीत आपण असे कधी म्हणालो का? १८६७ मध्ये ब्रेस्लाउ शहरात हर्मान कोन या नेत्रवैद्याने दहा हजारांवर शाळकरी मुलांचे डोळे तपासले आणि अंधाऱ्या वर्गांवर, चुकीच्या बाकांवर बोट ठेवले. त्याची सगळी कारणमीमांसा पुढे टिकली नाही. पण वर्गाला पुरेसा उजेड हवा, ही गोष्ट शाळेच्या बांधकामाचा भाग झाली, आणि आज अंधाऱ्या खोलीत वर्ग भरवून ‘सवय होईल’ म्हणणाऱ्या मुख्याध्यापकाला पालक दारात उभे करणार नाहीत. आवाज मात्र अजून तिथे पोचलेला नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शिक्षकाला एक खोली, स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकाची जागा, मैदान, कुंपण हे सगळे आहे. वर्गात बोललेले ऐकू यावे, ही अट नाही. २०१७ मध्ये केंद्राने राज्य सरकारने जाहीर केल्याखेरीज कुठलेही क्षेत्र शांतता क्षेत्र ठरणार नाही अशी दुरुस्ती केली, मुंबई उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली, सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगिती थांबवली. त्या सगळ्या धामधुमीत चर्चा रंगली ती मंडपांची. ज्यांच्याभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र धरले जाई त्या शाळा हा वादातला पुरावा होता, विषय नव्हता.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे. दोन महिन्यांचा फरक तो काय, आणि इथे शिक्षकांच्या जागा रिकाम्या असताना छते कुठली बसवता? फरक मधल्या आकाराचाच आहे, हे मान्य. पण तो दरवर्षी, साऱ्या वर्गाला आणि सर्वांत कच्च्या मुलांना जास्त लागतो, आणि तो घालवणे शिक्षक नेमण्याइतके अवघड नाही. पार्टिशन छपरापर्यंत नेणे, पत्र्याखाली आवाज शोषणारे अस्तर लावणे, पंख्यांना वंगण देणे, शाळेच्या फाटकासमोरचा थांबा शंभर पावले पुढे सरकवणे, ही कामे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातली आहेत. वेळापत्रक जुळवणे तर फुकट: पलीकडे पाढे असतील तेव्हा अलीकडे चित्रकला ठेवावी. मागच्या बाकावरची मुले दर आठवड्याला पुढे आणावीत, शुद्धलेखन वर्गाच्या मध्यावर उभे राहून घालावे. यांपैकी बहुतेक गोष्टी चांगले शिक्षक कुणी न सांगता करतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. त्यांनी एखाद्या सकाळी शेवटच्या बाकावर बसून, डोळे मिटून, बाईंचे एक वाक्य पुन्हा म्हणून दाखवण्याचा प्रयत्न करावा, मग कुठला खर्च आधी करायचा ते त्यांचे त्यांनाच ठरवता येईल.

कित्येक शाळांत कार्यालय, भांडारखोली आणि स्टाफरूम आतल्या शांत बाजूला असतात आणि पहिली-दुसरीचे वर्ग रस्त्याकडे. ही अदलाबदल एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर होऊ शकते. बाके उचलायला सातवीची मुले आनंदाने थांबतील. मुख्याध्यापक किती आनंदाने आपली खुर्ची हलवू देतील, ते पाहायचे.